ध्वनिसंस्करणातील गतिशील समकरण व कंप्रता-निवडक संकोचन : चांदवड परिसरातील ध्वनिमुद्रणाच्या अनुषंगाने

नाशिकहून धुळ्याकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग चांदवडजवळ सातमाळ्याच्या रांगेतून वाट काढतो. या घाटातच, डोंगरात कोरलेले रेणुकादेवीचे स्थान आहे. अहिल्याबाई होळकरांचे नाव या स्थानाशी, तसेच गावातील रंगमहालाशी, निगडित आहे. नवरात्रात येथे यात्रा भरते. रेणुकेचा गोंधळ हा महाराष्ट्राच्या लोकपरंपरेतील एक प्रमुख विधी होय. अशा ठिकाणी गोंधळाचे किंवा बोलीतील संभाषणाचे ध्वनिमुद्रण करावयाचे झाल्यास अभ्यासकापुढे तीन प्रकारचे ध्वनी एकाच वेळी उभे राहतात. पहिला मालमोटारींचा घरघराट. त्याची ऊर्जा मुख्यत्वे दोनशे हर्ट्झच्या खाली असते व तो येतो आणि जातो. दुसरा संबळाचा आघात, जो क्षणमात्र टिकतो पण अत्यंत तीव्र असतो. तिसरा मनुष्यकंठाचा आवाज, आणि त्याच्याचसाठी सारा खटाटोप चाललेला असतो.

हे तिन्ही ध्वनी कंप्रतेच्या अक्षावर परस्परांवर पसरलेले आहेत, पण काळाच्या अक्षावर ते सदैव एकत्र नसतात. ध्वनिसंस्करणाच्या जुन्या साधनांपैकी एकास केवळ कंप्रता कळते आणि दुसऱ्यास केवळ तीव्रता. दोहोंचा एकत्र विचार करणाऱ्या साधनांना गतिशील समकारक आणि कंप्रता-निवडक संकोचक म्हणतात. त्यांच्या कार्यपद्धतीचे विवेचन येथे करावयाचे आहे. परंतु त्याबरोबरच मराठीच्या अभ्यासकास त्यांपासून कोणता धोका संभवतो हेही पाहणे अवश्य आहे, कारण यंत्राच्या माहितीपत्रकात तो सहसा सापडत नाही.

प्रथम साधा, म्हणजे स्थिर, समकारक घेऊ. ठरावीक मध्यकंप्रतेभोवतीच्या पट्ट्यास ठरावीक डेसिबेलांनी वाढविणे वा घटविणे एवढेच त्याचे काम. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात १९५४ च्या सुमारास सर्वमान्य झालेला 'आर-आय-ए-ए' वक्र हे स्थिर समकरणाचे नमुनेदार उदाहरण होय. मुद्रण करताना मंद्र कंप्रता घटवावयाच्या व तार कंप्रता वाढवावयाच्या, आणि वादनाच्या वेळी नेमके उलट करावयाचे. येथे वक्र आधीच ठरलेला असतो. गाणारा बालगंधर्व असो की आणखी कोणी, त्याचा वक्राशी काही संबंध नाही. जो दोष सदासर्वकाळ सारखाच असतो त्यावर हाच उपाय योग्य. परंतु चांदवडच्या घाटातील घरघराट मिटविण्यासाठी १८० हर्ट्झभोवती नऊ डेसिबेलांची कायमची घट केली, तर मालमोटार नसतानाही ती घट चालूच राहते आणि बोलणाऱ्याच्या आवाजातील भरीवपणा विनाकारण हरवतो. अपराध घडो न घडो, शिक्षा मात्र नित्य.

आता साधा संकोचक. त्याच्या चार राशी प्रसिद्ध आहेत: उंबरठा, गुणोत्तर, आणि ध्वनिमुद्रणगृहांत ज्यांना 'अटॅक' व 'रिलीज' म्हणतात ते प्रारंभकाल व विमोचनकाल. उंबरठा उणे २० डेसिबेल आणि गुणोत्तर ४ : १ धरले, तर उणे ८ डेसिबेल पातळीचा संकेत उंबरठ्याच्या १२ डेसिबेल वर असतो, संकोचक त्यास केवळ ३ डेसिबेल वर राहू देतो. निष्पन्न पातळी उणे १७, म्हणजे घट ९ डेसिबेलांची. संबळाच्या प्रत्येक आघातासरशी ही ९ डेसिबेलांची घट साऱ्या संकेतास लागू होते. त्यात गायकाचा आवाजही आला. परिणामी प्रत्येक ठोक्याबरोबर गाणे मागे हटते आणि पुन्हा पुढे येते, जणू कोणी दार उघडझाप करीत आहे. दोष संबळाचा, पण भोग गायकाचा.

याहूनही मूलभूत अडचण कालमानाची आहे आणि तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. ५० हर्ट्झच्या तरंगाचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते व त्याचे धन आणि ऋण असे दोन उच्चांक दर १० सहस्रांश सेकंदांनी येतात. विमोचनकाल ५ सहस्रांश सेकंद ठेवला, तर दोन उच्चांकांच्या मधल्या अवकाशातच संकोचक सावरू लागतो. मग तो तरंगाची पातळी न मोजता तरंगाचा आकारच मोजू लागतो. वर्धन दर सेकंदास १०० वेळा वरखाली होते, आणि १०० हर्ट्झने हलणाऱ्या वर्धनाने ५० हर्ट्झच्या तरंगास गुणिले असता १५० हर्ट्झचा, मुळात नसलेला, स्वर उत्पन्न होतो. म्हणून मंद्र कंप्रतांसाठी संकोचक मंदगती हवा. उलटपक्षी 'स'सारख्या वर्णाचे घर्षण शंभर-दीडशे सहस्रांश सेकंदांत संपून जाते. तेथे मंदगती संकोचक जागा होईपर्यंत वर्ण निघून गेलेला असतो. एकाच संकोचकास या दोन्ही मागण्या पुरविता येत नाहीत. कंप्रतेप्रमाणे संकोचन वेगळे करण्याचे खरे सैद्धांतिक कारण हेच होय. श्रवणसुखाचा विचार त्यानंतरचा.

श्रवणशास्त्राचा आधारही याच दिशेने जातो. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये एका स्वराने दुसऱ्या स्वराचे आच्छादन कसे होते हे मोजले, तेव्हा असे दिसून आले की तीव्र मंद्र स्वर आपल्याहून उंच स्वरांना जितका झाकतो तितका उंच स्वर मंद्रास झाकत नाही. फ्लेचर व मन्सन यांचे १९३३ चे समप्रबलता-वक्र सांगतात की पातळी उतरली की मंद्र कंप्रतांची श्राव्यता इतरांपेक्षा लवकर उतरते. सर्व कंप्रतांना एकाच मापाने दाबणारा संकोचक, गणिताने निःपक्षपाती असला तरी कानाच्या दृष्टीने पक्षपाती ठरतो.

कंप्रता-निवडक संकोचनाची रूढ पद्धत विभाजनाची आहे. छानकांच्या साहाय्याने संकेताचे तीन-चार पट्टे पाडावयाचे, प्रत्येकास स्वतंत्र संकोचक जोडावयाचा आणि शेवटी सर्वांची बेरीज करावयाची. या कल्पनेचा सर्वांत प्रभावी उपयोग रे डॉल्बी यांनी केला. डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापिली. त्यांच्या 'ए' पद्धतीत चार पट्टे होते: ८० हर्ट्झच्या खालचा, ८० ते ३०००, ३००० च्या वरचा व ९००० च्या वरचा. मुद्रणाच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातील क्षीण संकेत वाढवावयाचे आणि वादनाच्या वेळी तितकेच घटवावयाचे, म्हणजे मधल्या फितीची खरखर त्या घटीबरोबर खाली जाते. पट्टे वेगळे असल्यामुळे मंद्र पट्ट्यातील ढोलाने तार पट्ट्यातील खरखर हलत नाही.

विभाजनाची किंमत मात्र द्यावी लागते. पट्टे पाडून पुन्हा जोडले असता मूळ संकेत जसाच्या तसा परत येत नाही. लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आणि त्यांच्या व राइली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, विभाजकांत बेरजेचा परमप्रसर सपाट राहतो हे खरे. पण कला बदललेली असते, आणि ती संकोचक झोपलेला असतानाही बदललेली असते. संगीतात हे क्वचितच कानास जाणवते. तरंगाच्या आकारावरून काही मोजू पाहणाऱ्या ध्वनिवैज्ञानिकाने मात्र हे विसरू नये.

गतिशील समकारक ही अडचण निराळ्या मार्गाने टाळतो. तो संकेत विभागत नाही. मूळ संकेत 'क्ष' असू द्या, त्याचा इष्ट पट्ट्यातून गेलेला अंश 'प' असू द्या, आणि त्या पट्ट्याचे वर्धन 'ग' असू द्या. तर निष्पन्न संकेत

य = क्ष + (ग − १) · प

असा मिळतो. ग = १ असता दुसरे पद शून्य होते व य = क्ष; साधन जागेवर असूनही नसल्यासारखे. नऊ डेसिबेल घट हवी असल्यास ग सुमारे ०.३५५, म्हणजे 'प'चा सुमारे ०.६४५ भाग मूळ संकेतातून वजा होतो. हा 'ग' कोण ठरवितो? संकेताची एक शाखा बाजूस काढून तिच्यातील त्याच पट्ट्याची पातळी मोजली जाते, ती उंबरठ्याशी ताडून पाहिली जाते, आणि वर सांगितलेल्या संकोचकाच्या नियमाने 'ग' क्षणोक्षणी बदलत राहतो. ही बाजूची शाखा अन्य संकेतावरूनही घेता येते. गायकाच्या मायक्रोफोनवरील पातळी मोजून संबळाच्या मायक्रोफोनवरील तेवढाच पट्टा किंचित दाबता येतो. गायक थांबला की संबळ पूर्ववत घुमू लागतो.

अंकीय पद्धतीत हे सोयीचे झाले ते रेगालिया आणि संजित कुमार मित्र यांच्या १९८७ च्या रचनेमुळे. सर्व कंप्रतांना समान परमप्रसराने जाऊ देणारा, केवळ कला बदलणारा छानक 'स' घेतला, तर

½ (१ + स) + ½ ग (१ − स)

ही राशी मध्यकंप्रतेवर (जेथे स = −१) नेमकी 'ग' होते आणि पट्ट्यापासून दूर (जेथे स = १) नेमकी एक होते. 'ग' हा एकच गुणक हलविला की पुरे. मध्यकंप्रता ढळत नाही आणि छानकाचे इतर सहगुणक पुन्हा काढावे लागत नाहीत. ही रचना कागदावर करून पाहण्याजोगी आहे. तिचे सौंदर्य वाचून जितके कळते त्याहून ती मांडताना अधिक कळते.

चांदवडच्या उदाहरणात आता मालमोटारीसाठी मंदगती, रुंद पट्ट्याचा गतिशील समकारक ठेवता येईल; प्रारंभकाल १०० व विमोचनकाल ५०० सहस्रांश सेकंदांच्या आसपास चालेल. संबळासाठी त्याहून शीघ्र, अरुंद असा दुसरा. येथवर सारे सुरळीत आहे. अडचण येते ती तार कंप्रतांत, आणि तेथे यंत्राने कोणत्या भाषेचा कान घेतला आहे हा प्रश्न उपस्थित होतो.

इंग्रजी बोलण्याच्या मुद्रणात 'स', 'श' यांचे घर्षण मायक्रोफोनवर बोचक उमटते. ते आवरण्यासाठी ५००० ते ९००० हर्ट्झच्या पट्ट्यावर अत्यंत शीघ्र संकोचक ठेवतात. ध्वनितंत्रज्ञ त्यास 'डी-एसर' म्हणतात. इंग्रजीत या घटीने आवाज मऊ होतो, अर्थ सहसा बिघडत नाही. मराठीची गोष्ट निराळी आहे. मराठीत च, ज, झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, एक तालव्य व दुसरा दंतमूलीय, आणि देवनागरीत दोहोंना एकच चिन्ह आहे. चार या संख्येतील 'चार' आणि गुरे चारण्याच्या आज्ञेतील 'चार', विश्व या अर्थीचे 'जग' आणि जगण्याच्या आज्ञेतील 'जग' यांतील भेद लेखनात दिसत नाही. तो कानानेच ओळखावा लागतो. कानास तो कळतो तो अंशतः पुढील स्वराच्या आरंभीच्या वळणावरून, आणि बऱ्याच अंशी घर्षणाच्या स्थानावरून. तालव्य 'च'चे घर्षण 'श'प्रमाणे दोन-अडीच हजार हर्ट्झपासून सुरू होते. दंतमूलीय 'च'चे घर्षण 'स'प्रमाणे चार हजारांच्या वर एकवटते. म्हणजे ज्या पट्ट्यास यंत्र दोष समजते, त्याच पट्ट्यात मराठीचा एक अर्थभेदक गुण वसतो.

केवळ स्पष्टीकरणासाठी काही आकडे कल्पू. वरच्या पट्ट्यातील ऊर्जा व मधल्या पट्ट्यातील ऊर्जा यांची तुलना केली असता दंतमूलीय 'च'साठी ती अधिक १० डेसिबेल आणि तालव्य 'च'साठी उणे ४ डेसिबेल येते असे धरू. भेद १४ डेसिबेलांचा. तालव्य 'च' उंबरठ्याखाली राहतो, त्यास हात लागत नाही. दंतमूलीय 'च' उंबरठा ओलांडतो व त्याच्यावर ७ डेसिबेल घट होते. उरलेला भेद ७ डेसिबेलांचा, म्हणजे निम्मा. स्थिर समकारकाने हाच पट्टा ७ डेसिबेल उतरविला असता तर दोन्ही 'च' सारखेच खाली आले असते आणि भेद १४ चा १४ च राहिला असता! 'हुशार' साधन येथे साध्या साधनापेक्षा अधिक हानी करते, आणि ते ज्या गुणामुळे हुशार ठरते त्याच गुणामुळे करते. गतिशील समकारक हा स्वभावतःच उंचसखलपणा कमी करणारा आहे. आणि भाषेतील भेद हा उंचसखलपणाचाच एक प्रकार आहे.

यावर उपाय पट्टा सोडून देण्याचा नव्हे. तो कालमानात आहे. स्पर्शसंघर्षी वर्णातील घर्षण शुद्ध संघर्षी वर्णातील घर्षणापेक्षा साधारणतः अल्पकाळ टिकते. उदाहरणार्थ दंतमूलीय 'च'साठी ६० आणि 'स'साठी १४० सहस्रांश सेकंद धरू. प्रारंभकाल १ सहस्रांश सेकंद असेल तर दोघांवरही जवळजवळ पूर्ण ७ डेसिबेल घट होते. तो ४० सहस्रांश सेकंद केला, तर घातांकी नियमाने 'च'वरील सरासरी घट पूर्ण घटीच्या ४८ टक्के, म्हणजे सुमारे ३.४ डेसिबेल, तर 'स'वरील सरासरी घट ७२ टक्के, म्हणजे सुमारे ५ डेसिबेल पडते. 'स'ची बोचणी बहुतांशी आवरली जाते आणि दोन 'च'मधील भेद ७ वर न येता १०.६ वर थांबतो. शिवाय 'च'च्या स्फोटाचा आरंभ, जो कानास सर्वाधिक माहिती देतो, जवळजवळ अस्पर्श राहतो. येथे वर्णाचा अवधी जाणणारा भाषाशास्त्रज्ञ आणि कालांक ठरविणारा ध्वनितंत्रज्ञ यांनी एकत्र बसणे हिताचे. सामान्यतः ते बसत नाहीत.

हा आक्षेप कोणी अतिसूक्ष्म म्हणेल. परंतु श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात याच प्रश्नावर मोठा वाद झालेला आहे. विल्चर यांनी १९७३ मध्ये दोन पट्ट्यांच्या संकोचनाने श्रवणक्षीण व्यक्तींना बोलणे अधिक कळते असे दाखविले. प्लॉम्प यांनी १९८८ मध्ये असा प्रतिवाद केला की पट्टे पुष्कळ आणि कालांक अल्प असले की बोलण्यातील उच्चनीचता सर्व पट्ट्यांत एकाच वेळी सपाट होते आणि वर्णांची ओळखच पुसट होते. दोघांचे म्हणणे आपापल्या मर्यादेत खरे आहे. पट्टे थोडे व कालांक दीर्घ असता विल्चर यांची बाजू बळकट होते, उलट स्थितीत प्लॉम्प यांची. मात्र मराठी ऐकणाऱ्या कानासाठी लावलेल्या यंत्राची परीक्षा 'च'-'ज'च्या जोड्यांवरही व्हावयास हवी, एवढे यातून निश्चित निष्पन्न होते.

चांदवडच्या संदर्भात प्रश्नास आणखी एक पदर आहे. गावाच्या ईशान्येस मालेगाव लागते आणि तेथून पुढे खानदेशची अहिराणी कानावर पडू लागते. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीस सातवा खंड दिला (१९०५), पण खानदेशी मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या शेजारी, बसविली (१९०७). ही सीमा कोठे व कशी पडते हा प्रश्न कानाने सोडवावयाचा आहे, आणि त्याची एक प्रसिद्ध खूण म्हणजे 'ळ'च्या जागी 'य' येणे: 'डोळा'चा 'डोया'. ल, ळ आणि य यांना वेगळे करणारी खूण बरीचशी दीड ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान असते. नेमक्या याच प्रदेशात, कर्कशपणा घालविण्यासाठी म्हणून, गतिशील समकारक लावण्याची प्रथा आहे. मूळ 'ळ' आहे की 'य'कडे झुकलेला मधला उच्चार आहे, याचा निर्णय संस्कारित मुद्रणावरून करणाऱ्यास आपण बोलीचा गुण मोजतो की यंत्राचा, हे सांगता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण हाती घेतले. अशा संग्रहांचे मोल मूळ मुद्रणे असंस्कृत राहण्यातच आहे.

संगीताकडे वळले तरी तोच अनुभव येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावल्याने तारेच्या एकाच छेडीत संनादी एकामागून एक फुलत जातात. रामन यांनी १९२१ च्या सुमारास या घोडीचे भौतिक महत्त्व विशद केले. मिरजेच्या कारागिराने मोठ्या कष्टाने साधलेला हा फुलोरा गतिशील समकारकाच्या लेखी उंबरठा ओलांडणारी एक आगळीक ठरतो, आणि तो इमानाने तिचा बंदोबस्त करतो.

जुन्या मुद्रणांबाबत दुसऱ्या टोकाची भ्रांती आढळते. विद्युत्-मुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या, म्हणजे १९२५ पूर्वीच्या, मुद्रिकांत अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरलेलेच नाही. दोन 'च'मधील घर्षणभेद त्या खाचेत पोचलाच नसल्यामुळे कोणताही समकारक, गतिशील असो वा स्थिर, तो परत आणू शकत नाही. वरचा पट्टा उचलला तर सुईची खरखर तेवढी वर येते. तेथे गतिशील समकारकाचा उपयोग खरखर आवरण्यापुरता आहे.

संस्कारित मुद्रणापासून मूळ परत मिळविता येते काय, हा शेवटचा व्यावहारिक प्रश्न. डॉल्बींच्या पद्धतीत ते साधते, कारण वादनाच्या वेळचे यंत्र मुद्रणाच्या वेळची नियंत्रण-राशी स्वतःच पुन्हा काढू शकते. सारी रचना त्यासाठीच बेतलेली होती. आजच्या गतिशील समकारकांत तशी तरतूद नाही. 'ग' कोणत्या क्षणी किती होता हे न कळल्यास य वरून क्ष कडे जाण्याची वाट बंद होते. मात्र 'ग'ची स्वतंत्र नोंद ठेवणे मुळीच अवघड नाही. दर सेकंदास २०० वेळा, प्रत्येक वेळी दोन बाइट, अशी नोंद केली तर एका पट्ट्यासाठी सेकंदास ४०० व तासास सुमारे १४ लाख ४० हजार बाइट लागतात; ४८,००० नमुने व २४ बिट या मापाने केलेल्या एकमार्गी मूळ मुद्रणास तासाला सुमारे ५१ कोटी ८४ लाख बाइट लागतात. नोंदीचा भार मूळ मुद्रणाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. मूळ मुद्रण असंस्कृत जपणे, श्रवणासाठीची प्रत निराळी करणे आणि तिच्यासोबत पट्टा, उंबरठा, गुणोत्तर, दोन्ही कालांक व ही नोंद ठेवणे, इतके केले तर पुढील अभ्यासकास 'डोया' ऐकताना त्या क्षणी यंत्राचा हात किती डेसिबेल खाली होता हे पाहता येईल.